वासुदेव बळवंतांचे दरोडे झाकू नका: शिरढोणच्या संग्रहालयासाठी खुले पत्र

प्रति,
मा. संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय,
मा. संचालक, पुराभिलेख संचालनालय,
महाराष्ट्र शासन

महोदय,
सप्रेम नमस्कार.

पनवेलजवळच्या शिरढोणला आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे संपूर्ण आयुष्य उलगडून दाखवणारे संग्रहालय व्हावे, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. त्यांचा जन्म झाला ते घर तिथे आहे, स्मारक आहे. 4 नोव्हेंबरला जयंती आणि 17 फेब्रुवारीला पुण्यतिथी होते, हार घातले जातात, भाषणे होतात. ते सगळे व्हायलाच हवे. पण हार आणि भाषणांतून त्या माणसाचे अवघे सदतीस वर्षांचे आयुष्य कळत नाही, आणि जे कळत नाही ते दोन पिढ्यांत पुसले जाते.

मी इतिहासाचा शिक्षक आहे. वासुदेव बळवंतांचा विषय पाठ्यपुस्तकात काही ओळींतच आटोपतो. रामोशी, कोळी, भिल्ल यांना एकत्र करून सशस्त्र उठाव केला, पकडले गेले, अरबस्तानातल्या एडनला पाठवले, तिथेच मृत्यू. एवढे सांगून झाले की वर्गातला एखादा तरी मुलगा विचारतो, "सर, म्हणजे त्यांनी दरोडे घातले ना? मग भगतसिंगांसारखे क्रांतिकारक कसे?" त्या मुलाच्या मनात आकस नसतो. त्याला खरोखर उत्तर हवे असते. या प्रश्नाकडे पाठ फिरवून उभारलेले संग्रहालय गुळगुळीत होईल आणि या प्रश्नाला सामोरे जाणारे संग्रहालय महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे होईल. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीत आहे: दरोडे झाकू नका, ते का घातले गेले हे दाखवा.

त्यासाठी सुरुवात तलवारीपासून न करता दुष्काळापासून करावी. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. त्यानंतर वर्षभरात पाऊस हुकला आणि 1876 ते 1878 चा भयंकर दुष्काळ दख्खनवर कोसळला. सरकारने दुष्काळी कामे काढली. रिचर्ड टेंपल नावाच्या अधिकाऱ्याला दुष्काळाची पाहणी करायला पाठवले आणि त्याने खर्च वाचवण्यासाठी कामावरच्या मजुराची मजुरी उतरवली. धडधाकट पुरुषाने दिवसभर खडी फोडावी, माती वाहावी आणि त्याला मिळावे काय, तर एक पौंड धान्य आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. बाई आणि मूल यांना त्याहून कमी. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी या मजुरीवर काम करायला नकार दिला, पुण्याच्या सार्वजनिक सभेने अर्जांमागून अर्ज केले.

माझी सूचना अशी की संग्रहालयाच्या पहिल्या दालनात एक जुना तराजू ठेवावा. एका पारड्यात साडेचारशे ग्रॅम ज्वारी, शेजारी राणीच्या छापाची एक आण्याइतकी नाणी. बाजूला त्या मजुराचे दिवसभराचे काम काय होते ते लिहावे आणि ज्वारीला हात लावून बघू द्यावे. आठवीतल्या मुलाच्या ओंजळीत ती ज्वारी आली की पुढचे निम्मे सांगायची गरज राहणार नाही. आणि मग भिंतीवर एवढेच लिहावे की हाच टेंपल 1877 साली मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला आणि 1879 साली वासुदेव बळवंतांनी ज्याचे शीर आणणाऱ्याला बक्षीस जाहीर केले तो गव्हर्नर हाच. आपल्याकडे हे बक्षीस शौर्याचा किस्सा म्हणून सांगतात. त्यामागे हा तराजू आहे हे फारसे कोणी सांगत नाही.

त्यानंतर कारकुनाचे दालन हवे. हसू नये, मी अगदी गांभीर्याने म्हणतो आहे. वासुदेव बळवंत पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीला होते. ज्या राज्याविरुद्ध बंड करायचे त्याच राज्याच्या जमाखर्चाचे कागद वर्षानुवर्षे त्यांच्या हाताखालून गेले. आई आजारी असताना रजा वेळेवर मिळाली नाही आणि गावी पोचेपर्यंत ती गेली होती, ही हकिगत त्यांच्या चरित्रकारांनी सांगितली आहे. नोकरी चालू असतानाच ते न्यायमूर्ती रानडे यांची अर्थकारणावरची व्याख्याने ऐकत होते, सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांच्या स्वदेशीने भारावले होते, लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत शस्त्रे शिकत होते. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर त्यांनी पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन ही शाळा काढली, जी पुढे भावे स्कूल म्हणून पुण्याला माहीत झाली. दत्तभक्ती तर रोजचीच. एकाच माणसाच्या दिवसात कचेरी, शाळा, तालीम आणि पूजा एवढे सगळे बसत होते. ते लहानपणापासून बंडखोर होते असे दाखवण्यापेक्षा, पगार घेणारा, संसारी, पापभीरू माणूस हळूहळू बंडापर्यंत कसा गेला हे दाखवणे खरे आणि जास्त परिणामकारक ठरेल.

त्या संसारात गोपिकाबाई होत्या. वासुदेव बळवंतांनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवले, घोड्यावर बसायला आणि तलवार धरायलाही शिकवले, असे चरित्रांतून येते. 1879 मध्ये नवरा घर सोडून गेला तो परत आलाच नाही. त्यांच्या वाट्याला जे आयुष्य आले त्याला एका कोपऱ्यातल्या फोटोपेक्षा मोठी जागा द्यावी.

आता दरोड्यांबद्दल. 23 फेब्रुवारी 1879 ला शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर पहिला छापा पडला. त्यानंतर आणखी गावे लुटली गेली. मे महिन्यात त्यांचे रामोशी सरदार दौलतराव नाईक यांची टोळी घाट उतरून थेट पळस्प्याला आली, म्हणजे शिरढोणच्या अगदी शेजारी. लुटले गेले ते बहुतांशी सावकार आणि पैसेवाले लोक होते. त्यांनाही बायकामुले होती, त्यांच्याही घरात भीतीने आकांत झाला असेल. हे लिहायला संग्रहालयाने कचरू नये. वासुदेव बळवंत स्वतः कचरले नाहीत. आपण काय केले आणि कशासाठी केले हे त्यांनी आत्मचरित्रात आणि रोजनिशीत आपल्या हाताने लिहून ठेवले. सैन्य उभारायला पैसा हवा, पैसा मागून मिळाला नाही, शिकल्यासवरल्या प्रतिष्ठितांनी दारे लावून घेतली, म्हणून हा मार्ग धरला, हा त्यांचा युक्तिवाद आहे. तो पटो वा न पटो, तो त्यांच्याच शब्दांत समोर असला पाहिजे. प्रेक्षक शहाणा असतो.

मेमध्येच त्यांनी जाहीरनामा काढला. गोरगरिबांना कामे द्या, सारा आणि कर कमी करा, युरोपियन अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार कापा, असा त्याचा आशय होता. तो पूर्ण मजकूर मोठ्या अक्षरांत लावावा. दरोडेखोर अशा मागण्या करत नसतात, हे मग मुलांना आपल्याला सांगावे लागणार नाही.

आणि त्यांचे साथीदार. संचालक महोदय, इथे मी जरा कळवळून लिहितो आहे. आपल्या स्मारकांत एक चेहरा असतो आणि बाकी सगळे "रामोशी, कोळी, भिल्ल बांधव" या एका ओळीत गुंडाळलेले असतात. दौलतराव नाईक इंग्रज अधिकारी मेजर डॅनियलच्या फौजेशी लढताना त्याच मे महिन्यात मारले गेले. लूट मिळाली, पण ती खर्च करायला सरदारच उरला नाही, आणि बंडाचा कणा मोडला. या माणसाला त्या संग्रहालयात स्वतंत्र दालन हवे. रामोशी समाजाची रखवालीची वतने आणि हक्क इंग्रजी अमलात कसे गेले, 1832 साली पुण्यात फासावर चढवलेल्या रामोशी बंडखोर उमाजी नाईकांची आठवण त्या वाड्या-वस्त्यांत कशी जिवंत असेल, हे सांगितल्याशिवाय ते लोक एका ब्राह्मण कारकुनामागे का आले याचा उलगडा होत नाही. खटल्यांच्या आणि पोलिसांच्या कागदांत या साथीदारांची नावे असतात, कारण सरकारला ती हवी होती. सरकारने पकडण्यासाठी लिहिलेली ती नावे आपण सन्मानासाठी भिंतीवर कोरावीत. सापडतील तेवढी सगळी, गावासकट. पुरंदर, भोर, शिरूर भागातून येणाऱ्या एखाद्या कुटुंबाला तिथे आपल्या खापरपणजोबांचे नाव सापडेल.

वासुदेव बळवंत आणि त्यांचे रामोशी साथीदार यांच्यात सगळे गोडीगुलाबीचे नव्हते. साथीदारांचे लक्ष लुटीच्या वाट्याकडे आहे, स्वराज्याकडे नाही, अशी तक्रार त्यांनी लिहून ठेवली आहे. ती वाचताना दोन्ही बाजू दिसतात. ज्याच्या घरात आज संध्याकाळचे धान्य नाही त्याने वाटा मागितला तर त्यात गैर काय, असे मला वाटते. वासुदेव बळवंतांचा तळतळाटही खोटा नाही. हा ताण जसाच्या तसा मांडावा.

याच निराशेत ते एप्रिल 1879 मध्ये आजच्या आंध्र प्रदेशातल्या श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले. आपले काम फसले, आता देवापुढे देह ठेवावा, या विचाराने त्यांनी तिथे बसून आपली हकिगत लिहिली. दधीचीने देवांसाठी आपल्या अस्थी दिल्या, मग मी माझ्या देशबांधवांसाठी प्राण का देऊ नयेत, असा तिचा सूर आहे. उठता-बसता, आंघोळीत, जेवताना, झोपेत इंग्रजांचा नाश हाच एक विचार होता असे ते सांगतात, आणि हातून काही झाले नाही म्हणून देशवासीयांची क्षमा मागतात. पुढे त्यांचा विचार पालटला, ते परत फिरले आणि रोहिल्यांची, म्हणजे अफगाण वंशाच्या लढवय्यांची, फौज जमवायच्या मागे लागले.

संपूर्ण संग्रहालयाचे काळीज हे लिखाण आहे. ज्याने हरल्यावर बसून स्वतःच्या पराभवाचा हिशेब लिहिला असा क्रांतिकारक आपल्याकडे विरळा. अटकेनंतर ही रोजनिशी आणि आत्मचरित्र सरकारच्या हाती पडले आणि त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले गेले. त्यांचे इंग्रजी भाषांतर मुंबई सरकारने 1957 साली स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांच्या पहिल्या खंडात छापले, म्हणून ते आज वाचायला मिळते. पुराभिलेख संचालकांना माझी विशेष विनंती आहे की मुंबई आणि पुण्याच्या दफ्तरखान्यांतले या प्रकरणाचे सारे कागद एकदा नव्याने चाळले जावेत, त्यांची छायाप्रत काढावी आणि शिरढोणला ती पानागणिक उलटता येईल अशी ठेवावी. जे मूळ मराठी आहे ते मूळ म्हणून दाखवावे. जे इंग्रजीतून पुन्हा मराठीत आणलेले आहे त्याखाली तसे स्पष्ट लिहावे. वासुदेव बळवंतांच्या नावावर कुणाचीही वाक्ये खपू नयेत.

याच कारणाने आगीचे प्रकरणही निस्तरायला हवे. 13 मे 1879 च्या रात्री पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटले. शहरभर एकच बोलबाला झाला की हे वासुदेव बळवंतांचे काम. आजही काही ठिकाणी ते त्यांच्या पराक्रमात मोजले जाते. प्रत्यक्षात सरकारी पुस्तक आगारातल्या रानडे नावाच्या कारकुनावर त्या आगीचा गुन्हा शाबीत झाला. आपल्या नायकाने न केलेली गोष्ट त्याच्या नावावर ठेवून त्याची उंची वाढत नाही. पण त्या आगीचा धूर कुठवर गेला तेही दाखवावे. सरकारला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचाच संशय आला, मे महिन्याच्या सुट्टीत त्यांची तडकाफडकी धुळ्याला बदली झाली, त्यांचे टपाल फोडले जाऊ लागले. रमाबाई रानडे यांनी आठवणींत लिहिले आहे की वासुदेव बळवंत आणि दौलत्या रामोशी यांच्या नावाने बनावट पत्रेही त्यांच्याकडे येत आणि रानडे ती पोलिसांकडे पाठवून देत. मोजक्या माणसांच्या बंडाने एवढे मोठे साम्राज्य किती धास्तावले होते, हे त्या एका फोडलेल्या लिफाफ्यातून कळते.

जुलै 1879 मध्ये आजच्या विजयपूर जिल्ह्यातल्या देवर नावदगी गावी, तापाने फणफणलेले, थकून देवळात झोपलेले वासुदेव बळवंत मेजर डॅनियल आणि हैदराबाद संस्थानचे पोलीस अधिकारी अब्दुल हक यांच्या हाती लागले. पुण्यात खटला चालला. त्यांच्या बाजूने उभे राहायला सार्वजनिक काका पुढे आले, महादेव चिमणाजी आपटे आले. त्या दिवसांत हे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारच्या डोळ्यांवर येणे होते. नोव्हेंबरमध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि जानेवारी 1880 मध्ये त्यांना एडनला नेले. एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्याच कारभारात होते, हे सांगितले की "एडनच का?" हा मुलांचा दुसरा हमखास प्रश्न सुटतो.

एडनच्या तुरुंगातून ते एकदा निसटले. कोठडीचे दार त्यांनी बिजागरीतून उचकटून काढले. अंगात किती ताकद उरली असेल आणि किती रात्री त्या बिजागरीकडे बघत काढल्या असतील! बाहेर अनोळखी मुलूख, अनोळखी भाषा, पायाखाली वाळवंट. पुन्हा पकडले गेले. 17 फेब्रुवारी 1883 ला त्यांचा अंत झाला. कुठे अन्नत्यागाने, कुठे क्षयाने, अशा दोन्ही हकिगती छापलेल्या आढळतात. दोन्ही मांडाव्यात आणि कोणती कशाच्या आधारावर आहे ते तिथेच नोंदवावे. या भागात पुतळे, दिव्यांचा झगमगाट, कर्कश पार्श्वसंगीत काही नको. त्या काळच्या तुरुंगाच्या दाराएवढे एक दार असू द्या, खऱ्या वजनाचे. ज्याला वाटेल त्याने ते हलवून बघावे.

खर्चाचा मुद्दा आपण काढालच. मी सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना फार पैसा लागत नाही, अभ्यास लागतो. मोठे शिल्प, मोठे प्रवेशद्वार आणि ध्वनिप्रकाशाचा खेळ यांच्या निविदा लवकर निघतात. दोन अभ्यासक वर्षभर दफ्तरात बसवण्याची निविदा निघत नाही. कृपा करून हा क्रम उलटा करावा. आधी मोडी जाणणारा एक आणि त्या काळाचा इतिहास जाणणारा एक, असे दोन जण नेमावेत. कागद हाती आले की मग वास्तुविशारदाला बोलवावे. मूळ घराच्या भिंतींना, लाकडाला धक्का न लावता नवे दालन वेगळ्या जागेत बांधावे. पनवेलच्या आसपास जमिनीला आलेला भाव पाहता जागेचे हे काम उद्यावर टाकण्यासारखे नाही.

पुण्यात संगम पुलाजवळ गुन्हे अन्वेषण विभागाच्या आवारात त्यांना ठेवलेल्या कोठडीचे स्मारक आहे. ते पोलीस खात्याच्या आवारात असल्याने सामान्य माणूस तिकडे सहज वळत नाही. आठवड्यातले ठरावीक दिवस ते शाळांना आणि लोकांना खुले राहील, असा करार आपण गृह विभागाशी करावा आणि शिरढोणच्या तिकिटावर तिथली वेळ छापावी. कर्नाटक सरकारशी बोलून देवर नावदगीच्या त्या देवळाजवळ मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत एक फलक लागला तर अति उत्तम.

शिरढोणहून कर्नाळा जवळच आहे. त्या किल्ल्याची किल्लेदारी वासुदेव बळवंतांच्या आजोबांकडे होती असे सांगतात. कर्नाळा अभयारण्यात थंडीच्या दिवसांत शाळांच्या सहली येतात, त्यांच्या बसगाड्या शिरढोणवरूनच जातात. त्यांना तासभर थांबावेसे वाटेल असे ठिकाण असले की प्रेक्षक शोधायला कुठे जावे लागणार नाही. शाळांना प्रवेश विनामूल्य ठेवावा, माहिती देणारी माणसे गावातलीच तरुण मुले-मुली असावीत आणि त्यांना नीट प्रशिक्षण आणि नीट पगार द्यावा.

या पत्रावर आपल्या दोन्ही कार्यालयांनी एकत्र बैठक घ्यावी आणि त्या बैठकीला शिरढोणचे ग्रामस्थ, फडके यांच्यावर अभ्यास केलेली मंडळी आणि रामोशी समाजाचे प्रतिनिधी यांना बोलवावे, ही विनंती. बैठक पुढच्या 17 फेब्रुवारीच्या आत झाली तर त्या दिवशी शिरढोणला जमणाऱ्या लोकांना काहीतरी ठोस सांगता येईल.

आपला नम्र,
रायगड जिल्ह्यातला एक इतिहास शिक्षक